कोंडलं की तापतं

१

पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा प्रांजलला वाटलं, लाईट गेली. पण डोक्यावरचा पंखा गरगरत होता आणि चार्जरचा हिरवा ठिपकाही जागेवर होता. दुसऱ्यांदा तिने प्लग हलवून पाहिला. तिसऱ्यांदा शिवी दिली. पाचव्या वेळेपर्यंत तिला त्याची रीत पाठ झाली होती. आधी आतल्या पंख्याचा आवाज चढायचा. मग टेबलाखाली, सीपीयू ठेवला होता त्या डाव्या बाजूला, तिच्या पोटरीला ऊब लागायची. मग उबेचा चटका व्हायचा, आणि पडदा काळा.

बाराव्या वर्षी ती शिष्यवृत्तीवर डेहराडूनच्या वसतिगृहात गेली, पुढे तिथेच नकाशे करायला शिकली, आणि अकरा वर्षांनी हातातल्या दोन नोकऱ्या सोडून जत तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर परत आली. का आलीस, असं विचारलं की ती एकच गोष्ट सांगायची. जाताना मिरजेच्या स्टेशनात तिने वडिलांचा, आप्पांचा, हात सोडला नव्हता. गाडी हलली तरी सोडला नव्हता. तेव्हा आप्पा, डोक्याला पटका आणि खांद्यावर घोंगडं अशा अवतारात, तसेच डब्यात चढले आणि पुण्यापर्यंत तिच्याशेजारी बसून आले. असा माणूस ज्या मातीत होतो तिथे परत नाही जायचं तर कुठे जायचं, असं ती विचारायची, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

आता काम होतं गायरानाचं. गावच्या गायरानावर सौर पॅनेल बसवायचं घाटत होतं. सूर्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण कागदावर 'पडीक' लिहिलेल्या त्या माळावर चाळीस घरांची मेंढरं जगतात, हे कोणीतरी दाखवायला हवं होतं. तिने मित्राचा ड्रोन मागून आणला, तीन सकाळी माळावर फिरवला आणि सव्वाचारशे फोटो काढले. ते जोडून एक अखंड नकाशा करायचा, तर कॉम्प्युटरने सलग नऊ तास चालायला हवं होतं. फोटो दुसरीकडे पाठवावेत, तर वस्तीवर नेट फक्त लिंबावर चढल्यावर यायचं. रात्री लाईट टिकत नसे, म्हणून ती सकाळी सहाला काम लावायची आणि बाराच्या आत बाहेर येऊन पायरीवर डोकं धरून बसायची.

सोमवारी तहसील कचेरीत सुनावणी होती. आज मंगळवार. आणि नकाशा एकसष्ट टक्क्यांच्या पुढे जायला तयार नव्हता.

२

सल्ल्यांना तोटा नव्हता. मित्र फोनवर म्हणाला, बंद करून परत चालू कर. ती म्हणाली, बंद तो आपला आपण होतोय, ते श्रम मला नाहीत. आव्वा, तिची आई, म्हणाली, नारळ फोड. टँकरवाला पाण्याची पाळी टाकायला आला तोही खिडकीतून डोकावून म्हणाला, वल्लं फडकं टाका ताई त्याच्यावर, आमी इंजनावर टाकतो.

खोलीत काही खोट नव्हती. अंगणाच्या पलीकडची पत्र्याची शेड होती ती. अकरा वर्षांपूर्वी आप्पांनी मेंढरांसाठी हौसेने बांधली, आणि त्याच साली मेंढरं विकली, असं तिला पत्रातून कळलं होतं. पुढे तिथे कडबा असायचा. प्रांजलने कडबा हलवला, चुना लावला, खिडकीला जाळी ठोकली. आप्पा मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत.

आणि रोज दुपारी येऊन दार सताड उघडून जात.

"आव्वा, दार कोण उघडं टाकतंय?"

"मला काय इचारतीस? त्येंनाच इचार की."

आप्पा लिंबाखाली सूत काढत बसले होते. घरात मेंढरू नव्हतं, तरी टकळी सुटली नव्हती. लोकर कुठून तरी मागून आणत.

"आप्पा, दार उघडं ठेवू नका हो. धूळ जाते आत. धुळीनं तापतो तो."

"कोंडू नगं त्येला."

"कॉम्प्युटर आहे तो, आप्पा. म्हैस नाही."

"म्हशीचं काय न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हस वरडती तरी."

दुसरा तिढा जबाबाचा होता. गायरानावर सगळ्यात जास्त वर्षं मेंढरं चारलेला माणूस म्हणजे आप्पाच, कागदावरचं नाव सिद्धू. तिने त्यांचं म्हणणं टाईप करून आणलं होतं: चौसष्ट मेंढरं होती, तीस वर्षं तिथेच चारली, मग विकली. आप्पांनी ते ऐकलं, अंगठ्याला शाई लावून घेतली आणि अंगठा तसाच हवेत धरून ठेवला.

"इकली, आसं लिवू नगं."

"मग काय लिहू?"

त्यांनी शाई धोतराला पुसली.

३

बुधवारी जतहून ऋषिराज आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. पंचवीस-सव्वीसचा, मोटारसायकलच्या टाकीवर हत्यारांची पिशवी, आणि प्रत्येक वाक्याआधी 'तसं बघाय गेलं तर'.

"तसं बघाय गेलं तर ताई, नव्वद टक्के केसमधी धूळच असती. बघू." त्याने सीपीयूचं झाकण काढलं आणि मागे सरकला. "ह्यो कॉम्प्युटर हाय का घोंगडं?"

पंख्याच्या पात्यांभोवती लोकर गुंडाळलेली होती. काळी, आखूड, तेलकट. ऋषिराजने चिमट्याने ओढली तशी ती निघतच राहिली. मूठभर झाली, ओंजळभर झाली. खोलीत वास पसरला. तो प्रांजलला इतका ओळखीचा होता की क्षणभर तिला बरंच वाटलं. मेंढराच्या अंगाचा, उन्हात उभ्या कळपाचा वास.

"मेंढरं हायती व्हय घरात?"

"अकरा वर्षं झाली विकून."

"मंग ही उबदार कशी?" त्याने ओंजळ पुढे केली.

"मशीन तापलेलं आहे, म्हणून."

"मशीन सकाळधरनं बंद हाय, तुमीच म्हनालासा." मग त्याने खांदे उडवले. बाईमाणसासमोर भुतंखेतं बोलू नयेत एवढं त्याला कळत होतं. "पत्रा तापलाय. आसंल."

त्याने पंखा पुसला, चिपवरची उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट खरवडून नवी लावली आणि हात धुता धुता मोठ्याने समजावून सांगितलं. "कसं हाय ताई, हवा खेळाय पायजे. कोंडलं की तापतं. आन लय तापलं की आपलं आपुन बंद पडतं, जीव वाचवाय."

"आपलं आपुन?" उंबऱ्याबाहेरून आप्पांनी विचारलं. ते कधी येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नव्हतं.

"व्हय काका. सोयच आसती तशी त्येच्यात."

"मेंढराला न्हाई," आप्पा म्हणाले. "मेंढरू तापलं की दुसऱ्याच्या पोटाखाली मान घालतंय. सावली म्हनून. दुसरं तिसऱ्याच्या. समदी तशीच उभी ऱ्हात्यात. हालत न्हाईत."

आणि ते लिंबाकडे निघून गेले. ऋषिराज म्हणाला, "काकांचं बाकी बरूबर हाय," आणि चहा पिऊन गेला.

४

गुरुवारी कॉम्प्युटर एकसष्टवर बंद पडला. प्रांजलने झाकण काढलं. पंख्याभोवती लोकर होती.

तिने डोकं शांत ठेवलं. जुन्या पत्र्याच्या सांध्यात लोकर अडकलेली असणार, पंखा ती ओढून घेतो. तिने सांधे सुरीने कोरले. मातीशिवाय काही निघालं नाही. तिने जमीन दोनदा झाडली, तिसऱ्यांदा फडक्याने पुसली, आणि सीपीयूच्या प्रत्येक छिद्रावर मच्छरदाणीचं कापड चिकटपट्टीने चिकटवलं. शुक्रवारी झाकण काढलं तेव्हा कापड जसंच्या तसं होतं. लोकर कापडाच्या आतल्या बाजूला होती.

"कोंबड्यांचं काम," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपलंच वाक्य ऐकून तिला स्वतःचा राग आला.

आवाजाचंही तेच. पंखा जोरात फिरला की घरघरतो, बेअरिंग गेलं तर खरखरतो. हे तिला पटत होतं. पण अकराच्या पुढे, पत्रा तडतडायला लागला की त्या घरघरीचे तुकडे पडायचे. आखूड, भराभर, एकाच्या आत दुसरा. पंखा धापा टाकत नाही. तिने टेबलाखाली वाकून कान लावला. आवाज सीपीयूतून येत होता, असं म्हणता आलं असतं. आवाज खोलीतून येत होता, असंही म्हणता आलं असतं. गुडघ्याच्या उंचीवर तो सगळीकडे सारखाच होता.

ती परत खुर्चीत बसली. डाव्या पोटरीला ऊब लागली. तिला लहानपणचं आठवलं; आई मेलेलं एक कोकरू तिने बाटलीवर वाढवलं होतं. कपाळावर पांढरा टिकला होता त्याच्या. ती अभ्यासाला बसली की ते असंच पायाला डोकं लावून उभं राहायचं. गाडीत बसल्यावर तिने आप्पांना सांगितलं होतं, त्याला विकू नका.

पडदा काळा झाला. तिने टेबलावर मूठ आपटली.

५

शनिवारी तिने उलटा विचार केला. बंद पडतो तो नेमका कोणत्या फोटोवर? शोधायला दोन तास गेले. प्रत्येक वेळी एकच फोटो होता: गायरानाचा वरचा कोपरा, बाभळीपलीकडचा.

तिने तो उघडला आणि सगळा वैताग विसरली. एप्रिलचा माळ, जिकडेतिकडे भाजलेल्या भाकरीचा रंग, आणि त्यात एक हिरवा चौकोन. कडा सरळ. साधारण एका खोलीएवढा. जमिनीवरून चालताना तो कधी दिसला नसता. ती मोबाईलवर फोटो घेऊन धावत चुलीपाशी गेली.

"आव्वा, हे बघ. एवढ्या उन्हात हिरवं आहे. खाली ओल असणार. पडीक म्हणतात ना, त्यांच्या तोंडावर मारते हा फोटो."

आव्वा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. परातीतल्या पिठावर बोटं तशीच पसरून राहिली.

"पानी न्हाई तितं."

"मग काय आहे?"

"त्यो फोटू काडून टाक, बाळे."

"असे फोटो काढून टाकत नाहीत गं. भोक पडेल नकाशाला. पुरावा आहे तो."

"कशाचा?" आव्वा म्हणाली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

प्रांजल पाय आपटत बाहेर आली. या घरात साधी माहिती साध्या तोंडाने का मिळत नाही? एक जण 'इकली' लिहू नको म्हणतो, एक जण फोटो काढून टाक म्हणते, आणि कॉम्प्युटर दोघांच्या बाजूने.

६

रविवार. शेवटचा दिवस. प्रांजलने पहाटेच पोती भिजवून पत्र्यावर टाकली. सीपीयूचं झाकण काढून टेबलफॅन सरळ त्याच्यावर सोडला. सहाला काम लावलं. साडेनऊला चाळीस टक्के झाले आणि सीपीयूला हात लावला तर तो गार होता. तिला हसू आलं.

मग तिने दार लोटलं, कडी घातली आणि कडीला कुलूप लावलं. आज दार उघडायला कोणी येणार नव्हतं. किल्ली पर्समध्ये टाकली. खिडकी कालच पुठ्ठ्याने बंद केली होती, धुळीसाठी.

आप्पा लिंबाखालून बघत होते. टकळी थांबली होती.

"बाळे, कुलूप नगं."

"आप्पा, आजचा एक दिवस. तुमच्याच गायरानासाठी चाललंय हे सगळं."

"कवा येशील?"

"जतला जाते, तुमचा जबाब परत छापून आणते. दुपारच्या आत येते."

त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. तिला ते नंतर कळलं. तेव्हा फक्त उशीर होत होता. तिने स्कूटर काढली.

७

ऋषिराजच्या दुकानात जबाब अर्धा छापून झाला आणि लाईट गेली. अकरा वाजले होते.

"आख्ख्या तालुक्याची गेली," तो फोन ठेवत म्हणाला. "तुमचं मशीन यूपीएसवर किती धरंल?"

"दहा मिनिटं."

"मंग गेलं समजा."

गेलंच होतं. एकसष्टपर्यंतसुद्धा पोचलं नसणार. तिला रडू आलं नाही, संतापही आला नाही. नुसतं हसावंसं वाटलं. लाईटची वाट बघण्यात तास गेला. लाईट आली नाही. परतताना बसस्टँडसमोर स्कूटरचं चाक बसलं, पंक्चरवाल्याकडे आणखी तास गेला. वस्तीवर पोचायला दीड वाजला. एवढं ऊन, की माळ पाण्यासारखा हलत होता.

आप्पा शेडपाशी उभे होते. दोन्ही तळहात पत्र्याला लावून. पत्र्याला बोट लावलं तरी फोड येईल अशी वेळ, आणि ते हात काढत नव्हते. आव्वा पायरीवर बसली होती.

"आव्वा, हे काय? त्यांना आत घे."

"दोन घंटं झालं हुबं हायती. ऐकत न्हाईत." आव्वाने पदराने तोंड पुसलं. "इकली न्हाईत, बाळे. तुला मिरजंला सोडाय गेलो, तवा घरात कुनी नव्हतं. कदी न्हाई ती छपराखाली कोंडली. नवी शेड, चांगली कडी. दुपारच्या आत माघारी येनार हुतो. तू हात सोडंनास. त्ये पुन्यापतुर गेलं, मी एकली ठेसनात वाट बघत बसले."

प्रांजलची नजर आप्पांच्या हातांकडे गेली.

"दुसऱ्या दिशी सांजंला आलो. त्या कोपऱ्यात खड्डा काडला त्येंनी. एकल्यानं. मला हात लावू दिला न्हाई."

उन्हात सगळं गप्प होतं. पोती केव्हाच वाळून पत्र्याला चिकटली होती. त्या गप्पपणात तिला टेबलफॅनचा आवाज ऐकू आला. हा चालू आहे अजून, असं तिच्या मनात आलं. सीपीयूचा पंखाही. बराच चढलाय.

मग तिच्या लक्षात आलं, की लाईट अकरालाच गेलेली आहे.

आखूड, भराभर, एकाच्या आत दुसरी. पत्र्याच्या पलीकडे, गुडघ्याच्या उंचीवर.

"उघड," आप्पा म्हणाले.

८

किल्ली कुलपात जाईना. कुलूप एवढं तापलं होतं की तिने ओढणीने धरलं. कडी निघाली. दार तिने ओढलं नाही. ते आतून रेटल्यासारखं आलं.

आत अंधार होता, आणि अंधारातून हवा बाहेर आली. तोंडावर नाही. मांड्यांच्या खाली. दाट, तेलकट, ढकलत आलेली. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि ती हवा तिच्या गुडघ्यांना घासून जात राहिली. थांबे, अडे, परत रेटा येई. सलवारीवर काळे केस चिकटत गेले. अंगणात धूळ उठत होती, ठिपक्याठिपक्यांनी, गायरानाच्या दिशेने.

आप्पा पलीकडच्या चौकटीला टेकले होते. त्यांचे तळहात लाल झाले होते. उजवा हात ते खाली घालत आणि उचलत, खाली घालत आणि उचलत, संध्याकाळी वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येक पाठीवर हात ठेवून मोजतात तसे.

"एक ईस," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, "दोन ईसा." मग, "तीन ईसा."

हात आणखी तीनदा खाली गेला. मग हवेतच राहिला. अंगणातली धूळ बसली. धापांचा आवाज नव्हता.

"नि तीन," आप्पा म्हणाले. त्यांनी आत पाहिलं. "एक ऱ्हायलं."

प्रांजलनेही पाहिलं. मॉनिटर काळा होता. टेबलफॅनचं पातं थिजलेलं. टेबलाखाली डाव्या बाजूला उघडा सीपीयू होता. उजव्या बाजूला, खुर्चीच्या पायाशी, एवढंसं काही मान खाली घालून उभं होतं. मान उचलली तेव्हा कपाळाच्या जागी थोडं पांढरं दिसलं.

मग तिथे फक्त खुर्ची होती.

"ये," आप्पा हलक्या आवाजात म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दार तेवडं लावू नगं."

९

लाईट तिन्हीसांजेला आली. प्रांजलने काम परत लावलं आणि दार उघडं ठेवलं. त्या रात्री लाईट टिकली; पहाटे उठून पाहिलं, तर शंभर टक्के. नकाशा अखंड होता. वरच्या कोपऱ्यातला हिरवा चौकोन तिने काढून टाकला नाही. त्याच्यावर बोट ठेवून आप्पांना विचारलं, इथे काय लिहू? त्यांनी सांगितलं तेच लिहिलं, आणि सकाळी जतला ऋषिराजकडे नकाशा आणि जबाब छापून घेतले.

तहसील कचेरीत दोन टेबलं सोडून पंखा होता. कारकून जबाब वाचत वाचत थांबला.

"विकली कधी, ते नाही लिहिलेलं, आजोबा."

"इकली न्हाईत. म्या कोंडून मारली."

कारकुनाने चष्मा काढला, प्रांजलकडे पाहिलं, परत घातला. प्रांजल म्हणाली, "तसंच लिहा. माझ्यामुळे झालं, तेही लिहा."

"तिचं लिवू नगा," आप्पा म्हणाले. "पोर हुती."

"बरं, बरं. हे मी घेत नाही. मला आकडा लागतो." कारकून वैतागला होता, मागे रांग होती. "चौसष्ट ना? सगळी गेली?"

"त्रेसष्ट गायरानात हायती," आप्पा म्हणाले. "एक घरी हाय."

"म्हणजे सध्या एक."

"लिवा."

त्याने लिहिलं. आप्पांनी अंगठा उमटवला, या वेळी न थांबता. पुढची तारीख जूनची मिळाली. तोवर माळाला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

आता कॉम्प्युटर तापत नाही. दुपारी बारालासुद्धा नाही. ऋषिराज म्हणतो, पेस्ट चांगली लागली. प्रांजल व्हय म्हणते. शेडचं दार दिवसभर उघडं असतं, धूळ येते, कोंबड्या येतात, आणि ती जून गाठण्यासाठी बाकीच्या माळांचे नकाशे करत बसते. बसल्या जागी पाय हलवत नाही.

सीपीयू तिच्या डाव्या हाताला आहे, गारठलेला. ऊब उजव्या पोटरीला लागते.